न बोललेल्या नवसाचं तोरण

मार्लेश्वरला कसं जायचं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं आहे ते वाचून मोकळे होतील. रत्नागिरीहून एसटीनं पालीवरून साखरपा, तिथून देवरूख. देवरूखला गाडी बदलायची आणि मारळ गावावरून सह्याद्रीच्या पायथ्याशी उतरायचं. पुढे पायऱ्या. पाचशेच्या वर आहेत म्हणतात, मी मोजल्या नाहीत. वर डोंगराच्या पोटात गुहा, गुहेत महादेव, आणि बाहेर समोरच्या कड्यावरून पडणारा धबधबा. आत विजेचा दिवा नाही, समया असतात. कपारीत साप असतात, ते कुणाला काही करत नाहीत. आणि मोबाइलला रेंज नसते. ही शेवटची गोष्ट मला निघायच्या आधी कुणी सांगितली असती तर मी घरातून हललेच नसते. सात वर्षांपूर्वी एकदा जाऊन आले होते, पण तेव्हा मला रेंजशी काही कर्तव्य नव्हतं.

आता आहे. माझा मुलगा निनाद मालवाहू बोटीवर नोकरीला आहे. रोज मेसेज करतो असं नाही, पण चार दिवसांच्या वर कधी जात नाही. ‘आई, जेवलीस का’ एवढंच लिहितो, तेवढं पुरतं. ह्या वेळी अकरा दिवस झाले तरी काही नाही. आमचे हे स्वतः बावीस वर्षं बोटीवर होते, आता कंबरदुखीनं घरी बसवलंय. ते मोबाइलवर कसला तरी नकाशा उघडून बसतात, त्यात जगातल्या बोटी ठिपक्यांसारख्या दिसतात. निनादच्या बोटीचा ठिपका आफ्रिकेच्या खाली एका जागी थांबला होता आणि शेजारी लिहिलेलं, ही अकरा दिवसांपूर्वीची जागा. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन केला तर ‘काही असेल तर कळवू’ असं उत्तर. ह्यांचं म्हणणं, समुद्रात असं होतंच. बावीस वर्षं हे समुद्रात होते आणि मी रत्नागिरीशेजारी भाट्याच्या घरात होते, त्यामुळे कसं होतं ते मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

अशात आक्कांचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, लांज्याला दिलेली. वय सत्तरीकडे झुकलंय, पण जीभ अजून पंचविशीत आहे.

“गो शुभा,” त्या म्हणाल्या, “तुझा नवस राह्यलाय. सात वर्सं झाली. आपण इसरलो तरी देव इसरत नाय. शनवारी निघायचं, मी पालीला उभी ऱ्हातंय.”

मी हो म्हटलं. घरात बसून त्या ठिपक्याकडे बघण्यापेक्षा कुठेही गेलेलं बरं होतं.

शनिवार, पालीवरून पुढे

पालीच्या थांब्यावर आक्का पिशवी घेऊन उभ्याच होत्या. पिशवीत पाच नारळांचं तोरण. आमच्याकडे नवस फेडायचा तर नारळ नुसते ठेवून भागत नाही. सुंभात ओवून, मध्ये आंब्याच्या पानांचे टाळे लावून देवाच्या दारात बांधायचे असतात. आक्कांनी ते घरीच ओवून आणलं होतं. गाठी त्यांच्या हातच्या, त्यामुळे नाणीजच्या वळणावर एक सुटली आणि नारळ गडगडत कंडक्टरच्या पायाशी गेला. त्यानं तो उचलून परत आणून दिला. आक्का मला म्हणाल्या, “बघ, इतकी वर्सं थांबला, आता त्याला पण दम निघत नाय.”

मी हसले. पण माझं लक्ष मोबाइलकडे होतं. दर वळणाला मी तो पिशवीतून काढत होते आणि परत ठेवत होते. शेजारच्या सीटवरच्या बाईनं शेवटी विचारलंच, “कोणी आजारी आहे का?” मी म्हटलं, नाही. तिला ते पटलं नाही, मग तिनं मला तिच्याकडचं आवळासुपारीचं पाकीट दिलं.

साखरप्याला गाडी दहा मिनिटं थांबली. हे गिरिजादेवीचं माहेर. संक्रांतीला इथून तिची पालखी निघते आणि मार्लेश्वराशी तिचं लग्न लागतं. दर वर्षी. आमच्या किनाऱ्यावर देवांची लग्नं अशी पुन्हा पुन्हा लावत नाहीत. आमचे देव एकदा बसले की बसले. आक्कांनी खिडकीतून हात जोडले. मी म्हटलं, “बाईचं बरं आहे. नवरा निदान एका जागी सापडतो.”

“तुझी जीभ,” आक्का म्हणाल्या. पण त्यांनाही हसू आलंच.

आता त्या नवसाचं सांगते, कारण तो माहीत असल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. सात वर्षांपूर्वी निनादचा बोटीवरच्या नोकरीचा इंटरव्ह्यू होता. आक्काच मला मार्लेश्वरला घेऊन गेल्या होत्या. गुहेत पिंडीसमोर उभं करून म्हणाल्या, “बोल नवस.” मी डोळे मिटले, ओठ हलवले. महिनाभरात निनादला बोट मिळाली. आक्कांनी लांज्यापासून भाट्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांना सांगितलं की शुभानं नवस बोलला आणि देवानं दिलं.

मी ते बोललेच नव्हते. मी म्हटलं होतं, देवा, त्याला बोट मिळू देऊ नकोस.

ह्यांची बावीस वर्षं मी काढली होती. निनाद जन्मला तेव्हा हे कुठल्या तरी बंदरात, मामंजी गेले तेव्हा हे समुद्रात, घराचं छप्पर वादळात उडालं तेव्हा फोनवर म्हणाले, “कौलं नीट बघून घे.” मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याच्या कारखान्यात पॅकिंगवर आहे, आमच्या शेजारच्याच कारखान्यात निनादला काम मिळत होतं. सकाळी दोघं एका स्कूटरवर गेलो असतो. एवढंच मला हवं होतं. देवानं ऐकलं नाही. नंतर सगळे माझा नवस म्हणायला लागले आणि मी एकदाही नाही म्हटलं नाही. फेडायची वेळ आली की मात्र कधी कारखान्याचा सीझन पुढे करायचे, कधी पाऊस, कधी गुडघा.

आणि आता ते पोर अकरा दिवस गप्प होतं. देवाला उलटं सांगितलं म्हणून तर नाही ना, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी शिकलेली बाई आहे, असं काही नसतं हे मला कळतं. कळतं, पण वळत नाही.

देवरूख

देवरूखला लॉजवर उतरलो. जेवायला बसलो तेव्हा मी सवयीनं माझा डबा उघडला आणि आक्का ताडकन उभ्या राहिल्या. डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी. रोज मिरजोळ्याला जाताना भरते तसाच हातानं भरला होता, डोकं कुठे होतं कोण जाणे. महादेवाच्या वाटेवर सुकट! भाट्यातल्या माणसाकडूनच असली चूक होणार. आमच्याकडे मासळी नाही असा डबा म्हणजे आजारी माणसाचा डबा.

“बंद कर तो,” आक्का हळू म्हणाल्या, “आख्ख्या देवरूखला वास जाईल.”

मग खाली खानावळीत वरण-भात आणि कुळथाची पिठी खाल्ली. पिठी चांगली होती, घाटाच्या पायथ्याची माणसं ती आमच्यापेक्षा दाट करतात आणि वरून कच्चा लसूण घालतात. मी दोनदा घेतली. इतक्या काळजीत भूक कशी लागते ह्याची मलाच लाज वाटली, पण लागली खरी. ह्यांना फोन केला. “काही आहे का?” “नाही.” बाकी बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं, “तिकडे थंडी आहे का?”

रविवार, पायऱ्या

सकाळी शेअरची जीप केली. ड्रायव्हर पन्नाशीचे, मारळचेच. दिवाळी नुकतीच सरली होती, भात कापून झालं होतं, खळ्यांत गवताच्या उडव्या रचलेल्या. आमच्या बाजूला कातळ आणि समुद्र, मान वर करायची गरज पडत नाही. इथे डोंगर अंगावर येतो. मारळ सोडलं आणि मी मोबाइल काढला, तर वरच्या कोपऱ्यातल्या रेघा गेलेल्या.

“रेंज कुठे येईल?” मी ड्रायव्हरना विचारलं.

“आता परत येताना मारळला. वर कायच नाय मिळनार.”

“एखाद्या कंपनीचं तरी?”

“बाय, वर देवाशिवाय कोनाचंच लागत नाय.”

मी म्हटलं, गाडी मागे घ्या. आक्कांनी माझा हात धरला. “दोन तासांचा तर प्रश्न हाय. अकरा दिवस काढलंस ना?” मला सांगता येईना की हे दोन तास त्या अकरा दिवसांपेक्षा जड आहेत. फोन आला आणि मी उचलला नाही तर? पोरगा काय समजेल? आमच्यात फोन न उचलणारी मी नव्हते, ते खातं ह्यांच्याकडे होतं.

पायथ्याशी उतरताना ड्रायव्हरना डब्याचा वास आलाच. “सुकट काय?” त्यांनी विचारलं. आक्कांनी सुटका झाल्यासारखा डबा त्यांच्या हातात दिला. “तुम्हीच खा, पण गाडी लांब उभी करून खा.”

पायऱ्या चांगल्या बांधलेल्या आहेत, बाजूला दुकानं, ताक, सरबत, उकडलेल्या शेंगा. म्हातारी माणसंसुद्धा बसत उठत जातात. ज्यांना धबधबा भरलेला बघायचा आहे त्यांनी श्रावणात जावं. आम्ही गेलो तेव्हा पाणी बारीक झालं होतं, पण कड्यावरून खाली येईपर्यंत वाऱ्यानं हलत होतं आणि त्याचा आवाज सगळ्या दरीत होता. हे मी उतरताना बघितलं. चढताना मी फक्त पायऱ्या बघितल्या. आक्का दर शंभर पायऱ्यांवर बसत होत्या आणि मी उभी राहत होते.

“बस गो जरा.”

“नको. चला.”

“देव पळून जात नाय.”

“मला परत यायचंय, आक्का.”

त्यांनी ताकाचा ग्लास अर्धा पिऊन मला दिला. मी उभ्यानंच प्यायले.

गुहा

आत शिरताना वाकावं लागतं. आमच्या आधी आठ-दहा माणसं होती, एक कोल्हापूरकडचं कुटुंब, बाकी गावची. आत गारवा, तेलाचा वास, समयांचा पिवळा उजेड, पायाखाली ओलं. कुणीतरी कुजबुजलं, “तो बघा, तिथं,” आणि सगळे कपारीकडे बघू लागले. आक्कांना साप दिसला. मला नाही दिसला, मी तेव्हाही मोबाइल काढून बघत होते.

पुजाऱ्यांनी तोरण हातात घेतलं आणि विचारलं, “गाव? नाव? नवस कोनाचा, कशापायी?”

मी तोंड उघडायच्या आत आक्कांनी सगळं सांगून टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या कोकणात नवस मनातल्या मनात फेडता येत नाही. पुजारी किंवा गुरव देवाला मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो, कोण आलंय, काय मागितलं होतं, काय मिळालं, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साक्ष देतात. ओळखीची असोत की नसोत, गाऱ्हाणं ऐकलं की कोकणी माणसाचं तोंड आपोआप उघडतं.

“हे म्हाराजा मार्लेश्वरा,” पुजाऱ्यांनी सुरू केलं, “आज तुज्या पायाशी भाट्याची ही लेक उभी ऱ्हायली हाय.”

“व्हय म्हाराजा.”

“सात वर्सामागं तिनं तुज्याकडं शबुद टाकला व्हता, का माज्या लेकाला बोटीवर नोकरी लागूं दे.”

“व्हय म्हाराजा.”

सगळ्यांत मोठा आवाज आक्कांचा होता. मी बोलले नाही. पुजारी थांबले, माझ्याकडे वळले. “बाय, तुमी बोला. नवस तुमचा.”

दोन शब्द होते. ते बोलले असते तर तोरण बांधून मी खाली पळाले असते. पण पोराचं काही बरंवाईट कळायचं असताना देवासमोर खोटी साक्ष द्यायची, ही छाती मला होईना.

“नाही,” मी म्हटलं. “मी तसं बोलले नव्हते.”

आक्का म्हणाल्या, “काय बोलतंस?”

“मी म्हटलं होतं, त्याला बोट मिळू नये. आक्का, मला तो घरी हवा होता.”

गुहेत कुठेतरी पाणी टपकत होतं ते ऐकू यायला लागलं. कोल्हापूरच्या बाईंनी आपल्या नवऱ्याकडे बघितलं. आक्कांकडे बघायची मला भीती वाटत होती.

पुजाऱ्यांना मात्र काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांच्यासमोर रोज कोण काय काय कबूल करत असेल. त्यांनी फक्त विचारलं, “मंग देवानं तुमचं आयकलं नाय?”

“नाही.”

“म्हंजे फेडायचं कायच नाय.”

“नाही.”

“मंग ह्या तोरनाचं काय करू? कशाचं म्हनून बांधू?”

पाच नारळ त्यांच्या हातात लोंबत होते. आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं की निनाद बोटीवर गेल्यापासून सात वर्षांत मी देवाकडे त्याच्यासाठी एकदाही काही मागितलं नव्हतं. सुखरूप ठेव एवढंसुद्धा नाही. ते मागायचं म्हणजे तो बोटीवर गेला हे कबूल करायचं. मी सात वर्षं देवाशी रुसून बसले होते आणि पोर तिकडे एकटं समुद्रात होतं. मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं.

“बांधा,” मी म्हटलं. “सांगा देवाला, जिथं आहे तिथं सांभाळ. तो, त्याची बोट, बोटीवरची सगळी. तो आला की त्याला घेऊन येईन, दुसरं तोरण बांधीन.”

पुजाऱ्यांनी घसा साफ केला. “हे म्हाराजा, ह्या माउलीचा लेक पान्यावर हाय.”

“व्हय म्हाराजा.”

“सात वर्सं तिच्या मनात किंतू व्हता, तो आज तिनं तुज्या पायाशी ठेवला हाय.”

“व्हय म्हाराजा.”

“चुकलंमाकलं पदरात घे, आनी पोराला आनी बोटीवरच्या समद्यास्नी राखून आपापल्या घरला आन.”

“व्हय म्हाराजा.”

ह्या वेळी मी म्हटलं. गावची माणसं म्हणाली, कोल्हापूरचं कुटुंबसुद्धा म्हणालं. आक्कांचा आवाज त्यात नव्हता.

उतरताना

आक्का माझ्या पुढे उतरल्या, कुठेही न बसता. त्यांच्या गुडघ्यांना राग चढला की दुखायचं कळत नाही. मी मागून धबधबा बघत उतरले, कारण त्यांच्या पाठीकडे बघवत नव्हतं. सात वर्षं त्यांनी माझा नवस मिरवला होता; प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक बारशाला. त्यांच्या तोंडावर मी दहा माणसांत खोटेपणा कबूल केला होता. ताकवाल्या बाईनं आक्कांना हाक मारली, त्या थांबल्या नाहीत.

जीपमध्ये त्या पुढे बसल्या, मी मागे. ड्रायव्हरनी धुतलेला डबा परत दिला आणि सुकटीचं कौतुक केलं.

मारळच्या पहिल्या घरांपाशी माझा मोबाइल एकदम थरथरायला लागला. कारखान्याच्या ग्रुपचे सतरा मेसेज, आणि त्याखाली ह्यांचा एक. आयुष्यात त्यांनी मला लिहिलेला हा सगळ्यांत लांब मेसेज असेल: ‘निनादचा फोन आला. बरा आहे. बोटीवरचं नेट बिघडलं होतं. बंदराजवळ आल्यावर लागला. तुझा लागत नव्हता म्हणून मला केला. आज परत निघतात, पुढचे बारा दिवस लागणार नाही.’

त्याखाली निनादनं पाठवलेला आवाज. मी तो लावला. मोठ्या आवाजात लागला, बंद करायचं सुचलं नाही.

“आई, कुठे आहेस तू? पाच वेळा केला, लागतच नाही. तू कधी असं करत नाहीस. बाबा म्हणतात डोंगरावर गेलीय. डोंगरावर कशाला गेलीस? मला इथे काळजी वाटायला लागली. उतरलीस की मेसेज कर, मला दिसेल तेव्हा दिसेल. मी बरा आहे.”

मी त्या मेसेजची वेळ बघितली. सव्वानऊ. सव्वानऊला आम्ही पायऱ्यांवर होतो, आक्का ताक पीत होत्या. म्हणजे गुहेत शिरायच्या आधीच तो सुखरूप होता. पायऱ्यांवर रेंज असती तर मला कळलं असतं, आणि कळलं असतं तर मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून तोरण बांधलं असतं आणि जन्मभर कुणाला काही सांगितलं नसतं.

मी हे मोठ्यानं बोलले असणार, कारण आक्का तेवढ्यात मागे न वळता म्हणाल्या, “तर मग फुकट बोललीस वर.”

“फुकट नाही, आक्का.”

देवरूखची पहिली दुकानं लागली. तेव्हा आक्का म्हणाल्या, “तो आला की त्याला तिथं उभा करनार तू. नवस तसाच बोललीस. आनी गाऱ्हान्यात सगळं निघनार, तू आधी काय मागितलं व्हतंस ते. त्याला काय सांगशील?”

परत आल्याला सहा दिवस झाले, त्याचे बारातले सहा उरले, आणि मी रोज मिरजोळ्याच्या बसमध्ये ह्याचंच उत्तर जुळवत असते. जीपमध्ये मी एवढंच म्हटलं, “जे खरं तेच सांगेन.”

“लाव गो ते परत,” आक्का म्हणाल्या.

मी लावलं. काळजी वाटायला लागली, ह्यापाशी त्यांनी डोळ्यांना पदर लावला. ‘मी बरा आहे’ आलं आणि आवाज थांबला. पुढच्या सीटवरून, कुणी गाऱ्हाणं घातलेलं नसताना, आक्का हळूच म्हणाल्या, “व्हय म्हाराजा.”